दादानं वळवलेली मान

मंगळवार, संध्याकाळ. क्रांती चौक.

खुलताबादहून, दादाच्या घरून, आत्ताच परतलो. पुतणीला बघायला पाहुणे आले होते. त्यांनी दादाला विचारलं, "धाकटे भाऊ काय करतात?"

हे सांगणं दादाचं आवडतं काम. मेंढरं राखून त्यानं मला शिकवलं. मेंदूच्या आजारात आठवण, बोलणं, लक्ष कुठं बिघडलं ते मी तपासतो. एवढं लांबलचक गावात कोण ऐकणार? म्हणून तोच वर्षानुवर्षं सांगत आला, "आमचा बापू सुई टोचत नाय, सवाल टोचतो!"

आज त्यानं माझ्याकडं मान वळवली. "सांग की बापू, तूच सांग."

"लई लाजता बुवा तुमी," पाहुणे दादाला म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. पण मान वळवण्याआधी दादा जरासा थांबला होता, ते माझ्या कानांनी बरोबर टिपलं.

ही मान मी रोज बघतो. दवाखान्यात प्रश्न विचारला की ज्याला आठवत नाही तो बायकोकडं वळतो, आणि मी ते लिहून घेतो. दादा थकला असेल. पाहुण्यांची धांदल होती. की मीच आता घरात पेशंट शोधतोय?

घरच्या माणसाची तपासणी मी करत नाही. उद्या दवाखान्यातल्या सहकारी मॅडमना दादाला तपासायला सांगेन. तरी निघताना राहवलं नाही. दादा-वहिनी गाडीपाशी सोडायला आले, तेव्हा हसत विचारलं, "दादा, मी काय काम करतो रे?"

"ह्यो काय सवाल हाय व्हय?" दादा हसला. आणि त्यानं वहिनीकडं मान वळवली.