आखूड लेन्स

आबा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितेय, आणि तेही एका लेन्सबद्दल. हसू नका.

श्रीवर्धनच्या आपल्या स्टुडिओत लग्नाची जोडपी आणि शाळेचे वर्ग सोडले, तर कॅमेऱ्यासमोर दुसरं यायचं कोण? मला मात्र हुतुतूचे सामने टिपायचे होते. साठ-एकसष्ट साल असेल. मुंबईत जुन्या मालाच्या दुकानात आपण दोघं उभे आहोत. परवडणार एकच लेन्स. मी लांबलचक नळीची उचलते. दुकानदार लगेच, "बेन, खेळासाठी हीच घ्या." तुम्ही दोन्ही लेन्स दारातल्या उजेडात धरून आत बुरशी आहे का ते बघता, आपल्याकडच्या दमट हवेनं काचांची वाट लागते ना, आणि आखूड, रुंद तोंडाची माझ्या हातात देता. "सामने सुपारीच्या वाडीत, उन्हं कलल्यावर. त्या लांब नळीतून उजेड कितीसा येणार हाय? सगळे गडी पुसट येतील." मी म्हटलं, मग अगदी जवळ जावं लागेल. "मग जा की!" बायका कुठे मैदानाला चिकटून बसतात, मी पुटपुटले. त्यावर भर दुकानात तुम्ही विचारलंत, "तुला फोटो लांबून काढायचेत की लपून?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. परतीच्या बोटीत तुमच्याकडे पाठ करून बसले. तुम्ही बरे आणि तुमची लेन्स बरी!

पण खरं तेच होतं. लांब नळी मला बायकांच्या घोळक्यामागे उभं राहायला हवी होती. पुढच्या सामन्याला, मधली रेषा जिथे संपते तिथे जमिनीवर बसले. मागून आवाज आलाच, "फोटोवाल्याची पोर बघा, गड्यांत जाऊन बसलीय!" तेवढ्यात चढाईला गेलेला गडी, तिघांनी पाय धरलेला, रेषेकडे झेपावला. धूळ तोंडावर आली आणि मी बटण दाबलं.

तो ओला फोटो हातात धरून तुम्ही म्हणालात, "बोटं बघ त्याची. टेकली!" मग खाली माझं नाव लिहून शोकेसमध्ये, नवरा-नवरींच्या मधोमध लावलात. आबा, पुढे मला जे काही मिळालं ते तिथून मिळालं. तुमचे उपकार मानायला तेव्हा तोंड उघडलं नाही, आता मानते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. चार दिवसांनी तो फोटो शोकेसमधून गेला. ओल लागून खराब झाला, फेकला, असं मी सांगितलं. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि त्याच संध्याकाळी दुसरा छापून लावलात, पहिल्याच्या दुप्पट. ओल लागली नव्हती, आबा. दुसऱ्या दिवशी मला पाहायला येणार होते, म्हणून मीच तो काढून ट्रंकेत दडवला होता.