मंगूसकट

अब्बा, आज आमच्या गेटवरून मोसंबीची एकही गाडी परत गेली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. घरात आपण उर्दू बोलायचो. पण मी मराठी शाळेत शिकले आणि तुमचा सगळा धंदा अंबडकडच्या शेतकऱ्यांशी मराठीतच चालायचा, म्हणून हे मराठीत.

तुम्ही बाग उक्ती घ्यायचात. झाडाखालून मान वर करून फिरायचं आणि झाडावर असेल ते सगळं, मंगूसकट, आपलं म्हणायचं. कोळी किडीनं साल खाऊन काळपट केलेलं ते मंगू फळ. आत रस तसाच गोड, पण तोंड बघून गिऱ्हाईक पुढे जातं. अजून दिसतं मला: स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ढीग आलाय, अम्मी त्यातून वाट काढत चुलीकडे जातेय आणि आम्ही भावंडं निवडत बसलोय. एका वर्षी मंगूच जास्त निघालं. शेतकऱ्याकडे जाऊन भाव पाडून घेऊ, असं भाई म्हणाला. तुम्ही हातातलं फळ खाली ठेवलंत. "बोली झाड की हुई थी, फल की नई." त्यानंतर भाई दोन घास कमीच जेवला. आता तुम्ही काही फार मोठे संत नव्हता. पुढच्या वर्षीची बागही तुम्हाला हवीच होती.

आणि तुमची मुलगी काय करते, तर मोठ्या दुकानांच्या साखळीसाठी मोसंबी घेते. शहरातल्या फळ्यांवर एकसारखी दिसतील तेवढीच. उरलेलं मंगू परत न्या, हे खरेदी केंद्राच्या गेटवर शेतकऱ्यांना सांगायचं काम माझं. तुम्हाला बागा दिलेली माणसंही त्यात यायची. कुणी मुकाट्यानं क्रेट उचलायचे, कुणी रस्त्याकडेला माल ओतून जायचे. तिथून बसनं घरी जाताना मी दुसऱ्या बाजूला बघायचे.

दया येऊन काही बदललं नाही. गेटवर निवडानिवड चालायची तोवर थंड गाडी खोळंबायची, चांगलं फळही उन्हात तापायचं. मी साहेबांच्या मागेच लागले, की सगळा माल आत घेऊ, निवड आत करू, मंगू रसाच्या कारखान्याला देऊ. नाहीतरी माल आणायला आपली एक गाडी त्या बाजूला रिकामीच जाते. हिशोब जमला तेव्हा ते तयार झाले. बैठकीत त्यांनी त्याला शाश्वत पुरवठा साखळी म्हटलं. मला हसू आवरेना.

आज सकाळी अंबडकडचे एक म्हातारे काका आले. मी किती वेळा त्यांना परत पाठवलं असेल. सवयीनं ते मंगूचे क्रेट बाजूला लावायला लागले.

"राहू द्या काका, सगळंच घेतोय," मी म्हटलं.

"मंगू बी?"

"मंगू बी."

ते क्रेटवरच बसले. "असं समदं उक्तं एक बागवान न्यायचा आमच्या इथून. त्याच्यानंतर कोणी नेलं न्हाई." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही कोणाच्या, ताई?"

छातीवरचं ओझं उतरलं, अब्बा, खरंच उतरलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. आजवर गेटवर कुणीही हे विचारलं, की मी सासरचं गाव भोकरदन सांगून मोकळी व्हायचे. तुमचं नाव आज पहिल्यांदा घेतलं.