पाहणीच्या दिवशीचं कुलूप

१४ नोव्हेंबर

चि. छकुलीस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, बाकी ती ठणठणीत आहे. तुझ्या वहिनीने आठवण काढली आहे.

तुझ्या घराच्या वरच्या अंगाला, नदीकाठी, कारखान्याच्या सांडपाण्याची तीन तळी व्हायची होती ना, त्यांचा पर्यावरण अहवाल माझ्याच सहीने गेला. मंजूरही झाला. तुला धक्का बसेल. बसू दे.

जनसुनावणीत भर सभेत तू माझ्यापुढे तुझ्या विहिरीच्या पाण्याचा पेला ठेवलास. "साहेब, आजच पिऊन घ्या, पुढच्या वर्षी धाडस व्हायचं नाही!" काय हशा पिकला! सख्ख्या भावाला साहेब? आमचा शिपाईसुद्धा फिदीफिदी हसला. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, खोटं कशाला बोलू?

तुझं म्हणणं मात्र बरोबर होतं. राहत्या घरापासून पाचशे मीटरच्या आत असं तळं करता येत नाही, आणि तुझं घर जेमतेम दोनशेवर. एकट्या तुझ्यामुळे सगळं अडलं असतं. पण घर राहतं की नाही हे ठरवायची आमच्या खात्याची पद्धत साधी आहे. पाहणी एकदाच होते. त्या दिवशी दाराला कुलूप असलं, की घर निर्जन.

गेल्या महिन्यात मी तुला फोन केला, आईला बरं नाही, दोन दिवस ये. सहा वर्षांत पहिल्यांदाच तुला घरी बोलावलं. तू हातातलं काम टाकून धावत आलीस. आईला धडधाकट बघून रागावली नाहीस, उलट हसलीस. "मला बोलवायला आजारपणाचं निमित्त कशाला हवं होतं रे दादा?"

मी तुला जेवायला वाढलं.

त्याच वेळी सर्वेअर तुझ्या दारात उभा होता. तो प्रामाणिक माणूस आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. त्याने तीन हाका मारल्या आणि दिसलं ते लिहिलं. दाराला कुलूप, दोरीवर कपडा नाही, अंगणात भांडं नाही. तू पहिल्यापासून नीटनेटकी, सगळं आवरून निघालीस ना!

नोटीस राहत्या घरांनाच जाते, म्हणून तुला आली नाही. हरकत घ्यायची मुदत काल संपली, म्हणून आज लिहितोय. हे पत्र खुशाल कुणालाही दाखव. बहिणीला आईच्या भेटीला बोलावलं, यात गुन्हा कसला?

एक राहिलंच. तू विहिरीच्या पाण्याचा कॅन आणला होतास, तो आई अजून पुरवून पुरवून पितेय. रोज सकाळी एकच पेला. आम्हाला हात लावू देत नाही. काल म्हणाली, "संपत आलं रे, छकुलीला सांग, येताना आणखी आण." तिला काय सांगायचं, ते तूच लिही. मला ते जमणार नाही.

तुझा,
साहेब