दोरी कापण्यापूर्वी वाचावे

आदरणीय साडूभाऊ यांस,

कृतानेक नमस्कार. आम्ही सगळे इकडे सुखरूप आहोत, म्हणजे सगळ्यांचे हातपाय जागच्या जागी आहेत आणि सासरेबुवांच्या चष्म्याची एक काडी तेवढी गेली आहे. तुमची तब्येत कशी आहे? ताईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि तुमच्या दिवाणखान्यातलं ते काचेचं कपाट, कपबश्यांनी गच्च भरलेलं, ज्याच्यासमोर आम्हाला मोकळेपणाने शिंकताही येत नाही, तेही ठीक असेल अशी आशा करतो. कपाटाची चौकशी मी मुद्दाम करतोय. कारण पुढे येईल.

आपल्या तीन दिवसांच्या सायकल-सहलीची तुमची तयारी झाली हे वाचून आनंद झाला. सायकलींचं तेलपाणी, नवे ब्रेक, नकाशा, पंक्चरचं सामान, सगळं तुम्ही केलंत. माझ्याकडे एकच काम दिलंत : हलका आणि स्वस्त तंबू बघून घेणे. ‘एवढं तरी कराल ना?’ असं तुम्ही लिहिलं होतंत. ते वाक्य मी सासरेबुवांपासून लपवून ठेवणार होतो, पण तुमची पत्रं या घरात आधी तेच उघडतात. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढला (तेव्हा त्याला दोन्ही काड्या होत्या) आणि म्हणाले, “थोरल्या जावयांनी विचारलंय ते बरोबरच आहे.”

सासरेबुवा दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहेत हे तुम्ही जाणताच. माणूस सोन्यासारखा. फक्त आयुष्यभर हेडमास्तरकी केल्यामुळे त्यांना सगळ्या जगाचे नंबर लावायची सवय आहे, आणि त्यांच्या दोन जावयांत तुमचा नंबर पहिला. माझा किती ते तुम्ही ओळखा. टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे माझा उभा जन्म गेला. लोक आणतील ते वेडंवाकडं सामान मी कापडात शिवून, सुतळी आवळून, लाख लावून रवाना करतो. पेंढा भरलेलं हरीण मी शिंगांसकट बांधलंय. कपड्यांच्या दुकानातली हात पसरलेली बाहुली बांधलीय. माझ्या खिडकीवरून कुठलीही वस्तू न बांधता परत गेलेली नाही. पण शेजाऱ्यांनी विचारलं की सासरेबुवा सांगतात, “धाकटे जावई दोऱ्या बांधतात.” मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? एकदा, निदान या तंबूच्या निमित्ताने, त्यांनी मला शाबास म्हणावं एवढीच माझी इच्छा होती, आणि याच इच्छेने पुढचं सगळं घडवून आणलं.

तर मी तंबूच्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. (दुकानात कोण हरवतं कोण जाणे.) त्याने पहिलाच प्रश्न केला, तीन ऋतूंचा हवा की चार ऋतूंचा? मी म्हटलं, आम्ही तीन दिवसांनी परत येणार आहोत, ऋतू बदलायच्या आत. मग त्याने एकेक तंबू माझ्या हातात द्यायला सुरुवात केली आणि मी खिडकीवरच्या सवयीने तो तळहातावर जोखू लागलो. तिथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे जास्त मालाला जास्त पैसे पडतात. तंबूत उलटं आहे. जितका तंबू कमी, तितकी किंमत वाढते. एक पिशवी इतकी हलकी होती की मला वाटलं तंबू आणायला हा आत जाईल. किंमत ऐकून मी शेजारच्या घडीच्या स्टुलावर बसलो, स्टुलाची किंमत दिसल्यावर उठलो. या हिशोबाने सगळ्यात महाग तंबू म्हणजे तंबूच नाही, असं मी त्याला म्हणालो. तो हसला नाही. वरच्या मजल्यावर बहुधा तसाही माल असावा.

त्यानंतर ‘दोन माणसांचा’ या प्रकाराची भानगड. पिशवीवर दोन माणसं काढलेली असतात, ती पाहून मला त्यांची काळजीच वाटली. हात अंगाला चिकटलेले, पोट नाही, कूस बदलायची इच्छा नाही. तुम्ही आणि मी त्या बांध्याचे नव्हे. म्हणून मी मागणी केली की प्रत्यक्ष झोपून बघू, आणि त्या भल्या माणसाने तुमच्या जागी आडवं व्हायचं कबूल केलं. मी त्याला तुमच्या सवयी समजावून दिल्या (लग्नघरात एका सतरंजीवर झोपल्याने मला त्या पाठ आहेत) : डावी कूस, उजवा गुडघा शेजाऱ्याच्या पोटात, आणि डोळा लागताच पांघरूण ओढणे. त्याने फार मन लावून केलं. गुडघा तर इतका हुबेहूब लागला की मी एकदा “साडूभाऊ, पुरे” म्हणालो. मध्येच एक गिऱ्हाईक खाली वाकून स्टोव्हचा भाव विचारू लागलं. विक्रेत्याने माझ्या अंगावरून मान बाहेर काढून त्याच्याशी घासाघीस केली, स्टोव्ह विकला आणि परत येऊन गुडघा होता तिथे ठेवला. असे आम्ही चार तंबू झोपून पाहिले. परवडणाऱ्यात मावत नव्हतो आणि मावणाऱ्यात परवडत नव्हतो.

मी जायला निघालो तेव्हा कोपऱ्यात एक चपटी गोल पिशवी दिसली. हातात घेतली तर हलकी. किंमत विचारली तर तीही हलकी. आत दोन माणसं गुडघ्यासकट मावतात आणि दारं दोन, म्हणजे तुम्हाला ओलांडून मला बाहेर जायला नको. हा तंबू आपोआप उघडतो, खांब नाहीत, काड्या नाहीत, नुसता पट्टा सोडायचा. मी विचारलं, आणि मिटायचा कसा? इतका वेळ तोंडाला खळ नसलेला तो माणूस छताकडे बघू लागला. “सवयीने जमतं,” एवढंच म्हणाला. दुसरा कुणी शहाणा असता तर पिशवी तिथेच ठेवून निघाला असता. पण ज्याने हरीण बांधलंय त्याला कापडाची काय भीती? मी हसून पैसे दिले.

घरी आलो. बायको म्हणाली, गच्चीवर नेऊन उघडा. तिचं ऐकायला हवं होतं. पण सासरेबुवा बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते, आणि माझं कौतुक व्हायचं तर ते त्यांच्यासमोरच व्हायला नको का? मी खोलीच्या मधोमध उभा राहून पट्टा सोडला. पट्टा सोडल्याचं मला आठवतं. त्यानंतर मी सोफ्यामागे होतो, सासरेबुवांचा चष्मा पंख्यावर होता आणि आमच्याकडे बाहेरची खोली राहिली नव्हती. तिच्या जागी एक हिरवा तंबू होता, आमचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये असा गच्च बसलेला की सरकवावा तर कपाट डुलतं आणि उचलावा तर पंख्याला लागतो. एक दार घराच्या दाराकडे, दुसरं स्वयंपाकघराकडे. म्हणजे स्वयंपाकघरात जायचं तर तंबूतूनच.

मिटायचा कागद पिशवीत होता. त्यावर सहा चित्रं. चौथ्या चित्रात माणूस तंबूशी कुस्ती खेळतोय. पाचव्या चित्रात तोच माणूस हातात चपटी पिशवी घेऊन हसत उभा आहे. या दोन चित्रांच्या मध्ये काय घडलं ते छापलेलं नाही. मी अनेक वेळा चौथ्या चित्रापर्यंत पोचलो. प्रत्येक वेळी तंबूने मला पहिल्या चित्रात आणून सोडलं. सासरेबुवा खुर्चीतून सगळं बघत होते आणि शेवटी म्हणाले, “थोरले जावई असते तर एव्हाना पिशवीत घालून चहा प्याले असते.” साडूभाऊ, त्या क्षणी तुमच्याबद्दल माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहीत नाही.

मग आम्ही तसेच राहू लागलो. माणसाला कशाचीही सवय होते. बायको चहाचा ट्रे पुढे सरकवत गुडघ्यांवर तंबूतून बाहेर यायची. विजेचा मीटर बघणारा आला, त्याने बूट काढले, आत रांगत गेला, आकडा घेतला, रांगत बाहेर आला आणि याहून वाईट घरं पाहिलीत म्हणाला. सासरेबुवांनी दुसऱ्याच दिवशी उशी आणि रेडिओ घेऊन आत मुक्काम ठोकला. इथे वारा लागत नाही आणि कुणी आवाज कमी करायला सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त जाणाऱ्या-येणाऱ्याला कुठे चाललात ते विचारतात आणि कारण पटलं नाही तर परत पाठवतात. मला दोनदा पाणी न पिता परतावं लागलं.

अखेर नाइलाजाने मी कचेरीत तोंड उघडलं. तोवर हा घरचा मामला होता. आता तो खात्याच्या अब्रूचा झाला. रविवारी सगळी पार्सल-खिडकी माझ्या घरी हजर. पोस्टमास्तर स्वतः, शिक्के मारणारा, आणि आमचा दाभणकाका, जो पोत्याला असे टाके घालतो की ते उसवायला माणसं कात्री विकत आणतात. सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. सासरेबुवांना बाहेर यायची विनंती केली, ती त्यांनी धुडकावली. मग त्यांच्यासकट प्रयत्न सुरू झाले. शिक्के मारणारा एकदा आत ओढला गेला आणि बराच वेळ फक्त त्याचा आवाज येत होता. पोस्टमास्तरांनी हात टेकले आणि ‘हा माल पार्सलयोग्य नाही’ असं जाहीर करायला तोंड उघडलं. माझ्या आयुष्यात ते शब्द कुणी माझ्या मालाबद्दल उच्चारले नव्हते. माझे डोळे भरून आले.

आणि तेवढ्यात रेडिओच्या बॅटऱ्या संपल्या. सासरेबुवा वैतागून उठले, बाहेर येताना त्यांचा एक पाय तंबूच्या कापडात शिवलेल्या तारेच्या कडीवर पडला, दुसरा कापडात अडकला, आणि तंबू भुस्सकन खाली बसला, आपण होऊन, चौथ्या आणि पाचव्या चित्राच्या बरोबर मध्ये. मी ओरडलो, “धरा.” चौघेही त्यावर पडलो. मी सुतळी आवळली. दोन बाजूंनी फळ्या लावल्या, वर गोणपाट, दाभणकाकाची दुहेरी शिवण, त्यावर पुन्हा दोरी, गाठीगाठीला लाख. साडूभाऊ, असं पार्सल मी जन्मात बांधलं नव्हतं. सासरेबुवांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि “अक्षर बरं आहे पत्त्याचं” म्हणाले.

पत्ता तुमचा आहे. कारण सांगतो. पत्ता घालण्याआधी सवयीने मी पार्सल कचेरीतून आणलेल्या काट्यावर ठेवलं, तर फळ्या-दोरी-लाखेसकट ते सायकलीपेक्षा जड भरलं. पण उघडून हलकं करायला कुणी धजेना. मग मला सुचलं की तंबू हलका हवा कशाला, तर सायकलवर वाहायचा म्हणून. तो टपालाने पाठवला तर सायकलवर वजन नाहीच. म्हणून तो तुमच्याकडे पुढे पाठवतोय, आणि तिथून रोज पुढच्या मुक्कामी पाठवत राहू. आमच्या खात्याला एका मुक्कामाला साधारण तीन दिवस लागतात, त्यामुळे आपण पोचू तेव्हा तंबू तिथे नसेल. पण तो मागून येतोय हा केवढा आधार आहे.

ताईंना नमस्कार सांगा. सहलीच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे हजर होईन.

तुमचा धाकटा साडू

ता. क. : पार्सल कुठल्याही परिस्थितीत घरात उघडू नका. मोकळ्या मैदानात न्या, पाठ एखाद्या झाडाला लावा, चष्मा काढून ठेवा आणि मगच दोरी कापा. त्याआधी हे पत्र एकदा शांतपणे, शेवटपर्यंत वाचा. तुमचं काचेचं कपाट या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

ता. क. २ : पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. सासरेबुवांना दोन ओळी लिहा की असं बांधलेलं पार्सल तुम्ही आजवर पाहिलं नाही. माझं नाव घालून लिहा. तुमचं पत्र ते मोठ्याने वाचतात आणि त्या वेळी मी घरीच असेन.

ता. क. ३ : एक गोष्ट माझ्या वेळीच ध्यानात आली म्हणून बरं. साधी पत्रं आमच्याकडे कधी पोचतील याचा नेम नसतो, आणि हे पत्र पार्सलनंतर पोचलं तर अनर्थ होईल. दाभणकाकाने एका कोपऱ्याचे चार टाके अजून घातलेले नाहीत. तिथून हे पत्र मी आत, थेट तंबूच्या घडीत सरकवतो आहे, म्हणजे दोन्ही तुम्हाला एकदमच मिळतील, एक क्षणही मागेपुढे नाही. एवढा पुढचा विचार मी केला, हेही सासरेबुवांना लिहायला विसरू नका.