अवलंबून असलेला पती

तीर्थस्वरूप ताईंना नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? साडूबुवांचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर निदान खोकल्यावरची त्यांची व्याख्यानं तरी थांबली असतील, अशी आशा आहे. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुमची धाकटी बहीण बरी आहे. मी परवा जो हादरलो तो अजून सावरलेलो नाही, म्हणून हे पत्र. फोनच करणार होतो, पण माझे फोन ही शेजारच्या खोलीतून ऐकते आणि मधेमधे चुका दुरुस्त करते.

निवृत्तीनंतर परदेशी, समुद्राकाठच्या त्या गावी जाऊन राहायचं हिने ठरवलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (कारण एवढंच की तिथली सगळी घरं एकमजली आहेत. जन्मभर लिफ्ट तपासणाऱ्या माणसाबरोबर संसार केल्यावर शेवटचे दिवस तरी एकही लिफ्ट नसलेल्या गावात काढावेत, असं हिने मला चहाचा कप हातात देता देता सांगितलं.) माझी ना नव्हती. फक्त व्हिसाचा मार्ग मी निवडणार, अशी अट घातली. लिफ्ट खात्यात माझं नाव झालं ते याच सवयीमुळे. कुठलीही लिफ्ट असो, ती आधी रिकामी वर पाठवायची, रिकामी खाली आणायची, कान देऊन आवाज ऐकायचा आणि मगच पाय आत ठेवायचा. परदेशालाही हाच नियम लावायचं मी ठरवलं होतं.

व्हिसाचं काम पाहणाऱ्या सल्लागार बाई सहाव्या मजल्यावर बसतात. (त्यांच्या लिफ्टचं दार घासतं. मी गेल्या गेल्या तसं सांगितलं, पण त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही.) माझा पेन्शनचा कागद पाहून बाई उठून उभ्या राहतील, अशी माझी कल्पना. त्यांनी तो वाचला आणि मागे आणखी काही आहे का म्हणून उलटून पाहिला. निवृत्तांच्या व्हिसाला जेवढी पेन्शन लागते, तिच्या अर्ध्या वाटेवरच माझी पेन्शन धापा टाकते म्हणे! दुसरा मार्ग तिथे घर विकत घ्यायचा. किमती ऐकून मी पाणी मागितलं. तिसरा मार्ग आमच्या लेकीचा. ती त्या देशाच्या राजधानीत नोकरीला आहे, आईवडिलांना बोलावू शकते, फक्त त्यांच्या वागण्याची हमी तिने सही करून द्यायची. तिथूनच फोन लावला. आईसाठी ती तत्काळ हो म्हणाली. माझ्यासाठी तिने विचार करायला वेळ मागितला! ताई, पोटच्या पोरीने! (मागच्या खेपेला तिच्या इमारतीतली लिफ्ट मी सुरक्षेखातर बंद पाडली होती. ती पुढे चालू झाली, पण शेजारी अजून बोलत नाहीत. एवढंच कारण.) तिचा विचार अजून चालू आहे.

तेवढ्यात बाईंनी कोपऱ्यात बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचणाऱ्या हिला सहज विचारलं, तुम्ही काय करता? ही म्हणाली, कवळ्या बनवते. आणि बाई उठून उभ्या राहिल्या! (माझ्या पेन्शनला नव्हत्या राहिल्या.) त्या देशात म्हणे ठिकठिकाणचे म्हातारे येऊन राहिलेत, सगळ्यांचे दात पडताहेत आणि कवळ्या करणारं माणूस औषधालाही सापडत नाही. आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या त्या बोळकंडीत गुलाबी मेण वितळवत बसणारी तुमची बहीण तिकडे दुर्मीळ कारागीर ठरते. कामाचा व्हिसा लगेच, वयाची अडचण नाही. म्हणजे निवृत्त व्हायला हिने नोकरी धरायची. आणि मी? मी हिच्यासोबत जाऊ शकतो, 'अवलंबून असलेला पती' म्हणून. अख्ख्या शहराला वर-खाली नेणाऱ्या दोरांवर ज्याने विश्वास ठेवला नाही, तो मी, अवलंबून!

पण ताई, खरा धक्का पुढेच होता. लोक खोटी लग्नं दाखवून जातात, म्हणून वकिलातीत नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारतात. माझ्या वाट्याला एक टक्कल पडलेला, थंड डोक्याचा अधिकारी आला. पत्नी चहात साखर किती घेते? दोन चमचे, मी ताठ मानेने म्हणालो. (हिने साखर कधीच सोडली आहे. मला कोणी सांगितलं नाही.) झोपते कुठल्या कुशीवर? आता मी आधी झोपतो, मला कसं कळणार? आवडता रंग? गुलाबी, मी ठणकावून सांगितलं. (तो कवळीच्या हिरड्यांचा रंग. हिला तो आता डोळ्यांसमोर नको असतो.) अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमचं लग्न नक्की झालंय ना?"

ही तिकडे परदेशी आणि मी इकडे घरात, ते मेण, तो वास, ती शेजारच्या खोलीतून होणारी दुरुस्ती, काहीच नाही, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी घाबरलो. खरंच घाबरलो, ताई. लग्नाचा फोटो आणा म्हणाला. आता फोटोत ही एकटीच नटून उभी आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत! तुम्ही हॉलच्या लिफ्टमध्ये अडकला होता, मी तुम्हाला सोडवत होतो, आणि फोटोवाला जेवून निघून गेला. तेव्हा ज्या माणसाने तुम्हाला बाहेर काढलं त्याचंच तुमच्या बहिणीशी लग्न झालं, एवढं लिहून आणि सही करून उलट टपाली पाठवा. साडूबुवांनाही नमस्कार.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा (असं मी तरी समजतो)

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सल्लागार बाईंचा फोन आला. व्हिसा मंजूर, दोघांचाही! हिने माझ्याविषयीचं एकूण एक उत्तर बरोबर दिलं होतं. माझी चौकशी आधी संपली होती, तेव्हा नवरा आत्ता काय करत असेल, या प्रश्नालाही 'बाहेर लिफ्ट रिकामी वर पाठवत असेल' म्हणाली. शिपायाने जाऊन पाहिलं, तर मी तेच करत होतो. माझ्याबद्दल अधिकाऱ्याचा शेरा असा की खोटे नवरे सगळं पाठ करून येतात, बायकोविषयी इतकं कमी माहीत असलेला माणूस खराच नवरा असला पाहिजे. तेव्हा वरचा दाखला पाठवू नका.

आणखी एक. हिचा आवडता रंग कोणता, तेवढं मात्र गुपचूप कळवा. व्हिसाला नको, मला हवाय. हिला विचारायची सोय नाही. वकिलातीतून उतरताना हिने तो मला स्वतःहून सांगितला होता, पण लिफ्टचा दोर कुरकुरत होता आणि मी तिकडे कान दिला होता.