आईच्या कबरीतली उरलेली जागा

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, धर्माने कॅथलिक, हे मृत्युपत्र माझ्याच कारखान्याच्या माडीवर, माझ्याच हातच्या टेबलावर बसून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. डॉक्टरांनी परवा छातीला नळी लावून ऐकले आणि चेहरा लांब केला. तो आवाज मी स्वतः बरेच दिवस ऐकतो आहे. पट्टा सैल झालेल्या यंत्रासारखा येतो. चालेल अजून, पण कागद झालेला बरा.

कलम एक. आत्मा देवाच्या हवाली. देह मातीच्या, पण उसना. तो मी परत मागणार आहे. दर रविवारी चर्चमध्ये आपण सगळे उभे राहून देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचे म्हणतो आणि म्हणता म्हणता घड्याळ बघतो. मी ते मनापासून म्हणतो. नुसता आत्मा वर जाऊन धुरासारखा तरंगणार असता, तर मला त्यात फारशी गोडी नव्हती. मला हात पाहिजेत. स्वर्गात काय काम असेल ते ठाऊक नाही, पण इतकी माणसे एकत्र राहायची म्हणजे दोन-चार दारे तरी घासत असतीलच.

म्हणून मला जाळू नये, पुरावे. चर्चची दोन्हीला परवानगी आहे आणि देवाला राखेतूनही उठवता येते, हे मला मान्य. पण हत्यार जागच्या जागी ठेवा म्हणून जन्मभर कामगारांच्या मागे लागलेल्या माणसाने स्वतः विखरून पडणे बरे दिसत नाही. पेटी साधी. झाकणाला चार स्क्रू पुरेत. हल्ली आठ लावतात. मला बाहेर यायचे आहे.

कलम दोन. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नीला. वर भेटल्यावर ओळखशील ना, असे मी तिला एकदा विचारले. पुनरुत्थानात लग्नबिग्न नसते हे प्रभूचे बोलणे तिने बरोबर लक्षात ठेवले आहे. म्हणाली, "ओळखीन की. पण तिथे स्वयंपाकाचं तुमचं तुम्ही बघा." तरीही घर तिचेच.

कलम तीन. कारखाना, यंत्रे, हत्यारे मुलीला. दुसऱ्याच्या दुकानातला भुसा झाडून मी सुरुवात केली, पहिला रंधाही मागून आणलेला होता. तिला हे सगळे आयते मिळत आहे असे कोणी म्हणेल. म्हणू दे. तिला लाकूड बोलते ते ऐकू येते. जावई गोड बोलतो, त्याने गिऱ्हाइकांशी बोलावे. यंत्राला हात लावू नये.

कलम चार. चर्चच्या गायकवृंदातून मला सगळ्यांदेखत काढणाऱ्या मास्तरांना माडीवरची करकरणारी खुर्ची. माझा कान चांगला, गळा नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण चारचौघांत म्हणायला नको होते. खुर्चीचा सूर त्यांनी लावून घ्यावा.

कलम पाच. हे लिहायला एकतीस वर्षे लागली.

माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याबरोबर याच कारखान्यात होता. चर्चची बाकडी शनिवारपर्यंत द्यायची होती. फळ्या एका पाडलेल्या इमारतीच्या. दादा गोल करवतीवर फळी ढकलत होता, मी पाठमोरा रंधा मारत होतो. करवतीचा सूर चढला. फळीत खिळा होता. मला कळले. एक हाक मारली असती तर यंत्र थांबले असते, पण पाते बदलण्यात अर्धा दिवस गेला असता. वाटले, निघेल. फळी उडाली आणि दादाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

आईने ती बोटे मला लहानशी पेटी करायला लावून घरच्या कबरीत पुरून घेतली. शेवटच्या दिवशी माझ्या पोराला शोधाशोध नको, म्हणाली. चार वर्षांनी तीही तिथेच गेली. दादाने कारखाना सोडला, समोरच्या गल्लीत खिळे-बिजागऱ्यांचे दुकान टाकले. आमचे बोलणे तेव्हापासून खिळ्यांच्या मापापुरते. हाक मारली नाही हे मी पापनिवेदनात सांगितले, देवाने क्षमा केली. दादाला सांगितले नाही.

त्या कबरीत आता एकच जागा उरली आहे आणि कागद माझ्या नावावर आहे. ती जागा मी दादाला देतो. मला भिंतीकडच्या नव्या रांगेत ठेवावे. फादर म्हणाले, समुद्रात बुडालेल्यांची हाडे देवाला सापडतात, तर शंभर पावलांवरची बोटे सापडणार नाहीत काय? मी म्हटले, देवाची अडचण नाही फादर, दादाची आहे. त्यावर ते म्हणाले की प्रभू उठला तेव्हाही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. तेव्हा दादाचा हात अखंड दिसला तर मी आनंदाने रडेन, आणि आहे तसा दिसला तर तोच हात धरून उभा राहीन. धरू दिला तर.

पुरवणी. वरचा मजकूर मी आज सर्वांसमोर वाचून त्यावर सही केली. साक्षीला फादर आणि डॉक्टर होते. दादाला फक्त ऐकायला बोलावले होते. मुलगी त्याला हात धरून जिना चढवून घेऊन आली. पाचवे कलम वाचताना मी मान वर केली नाही. संपल्यावर कागद टेबलावर ठेवला. मग दादा म्हणाला, "सूर चढलेला मलाही ऐकू आला होता. कान काय तुला एकट्यालाच दिलेत? मीच थोरला, मीच थांबायचं होतं. मलाही वाटलं, निघेल."

मी काही म्हणायच्या आत त्याने फादरांना विचारले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर काय होते. फादर म्हणाले, त्याला दिलेले रद्द होते.

"मग पेन आणा," दादा म्हणाला, आणि उरलेल्या बोटांत पेन धरून फादरांच्या जागी सही करून मोकळा झाला.

कागद फाडून नवा करता आला असता. दादाची सही असलेला कागद मी फाडणार नाही. पाचवे कलम रद्द झाल्याने ती जागा आता पत्नीच्या अखत्यारीत जाते असे समजावे, असे मी लिहीत असतानाच तिने निकाल दिला: "जो आधी जाईल तो आईंजवळ. दुसऱ्याने भिंतीकडून चालत यावं. आणि भावोजी, चहा घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही."

दादा बसला आहे. पुरवणीवर सर्वांनी पुन्हा सह्या केल्या त्या अशा:

लिहून ठेवणार: (सही) सुतार
साक्षीदार: (सही) त्याचा थोरला भाऊ, खिळे-बिजागऱ्यांचा दुकानदार
साक्षीदार: (सही) डॉक्टर

ठिकाण: कारखान्याची माडी
दिनांक: ३ नोव्हेंबर, संध्याकाळचे पाच