बादशहाची जोडी आणि मानाची जागा

घाटंजी. धनतेरस, १९६१
शाळेला सुटी लागली. दुपारच्या गाडीने सासुरवाडीला पोचलो. सुमन दसऱ्यापासून इथेच. बाभुळगावला एकट्याने भाकरी थापून विटलो, दिवाळी झाली की तिला घेऊनच जायचं. मामाजींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरगी संक्रांतीलोक राहीन म्हनते." संक्रांतीपर्यंत राहायचं हे सु. म्हणते, की मामाजीच म्हणतात? सासऱ्याला उलट कसं विचारायचं. चहा प्यालो.

नरकचतुर्दशी
जेवणानंतर पत्ते. या घरचा खेळ निराळा. दोन पत्ते झाकून हातात, तीन मध्ये एकेक उघडायचे, ते सगळ्यांचे. पैसे नाहीत, चिंचोके. एका वेळी एकच वाढवायचा, त्यामुळे मोठी चाल करून कोणाला पळवता येत नाही. पत्ते वाटायचे मामाजींनी, घरचे कर्ते म्हणून. जावई त्यांच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी. आणि वाढवायचं की नाही, ते उजव्या हाताचा आधी बोलतो. म्हणजे दर डावाला आधी मी, मग मेहुणा वामन, शेवटी मामाजी, आमची दोघांची तोंडं वाचून.

दोनदा चांगली जोडी आली. एकदा वाढवलं, दोघांनी पत्ते टाकले. एकदा गप्प राहिलो, तर फुकटात बसलेल्या वामनच्या तीन दुऱ्या झाल्या. जागा बदलू म्हटलं तर मामाजी म्हणाले, "जवाई खाल्तं बसन त लोक मले काय म्हनतीन?"
मान चुलीत घाला म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

पाडवा
सु.ला नेण्याचा विषय मी काढत नाही, मामाजीही काढत नाहीत. शेवटी वामन मला म्हणाला, "भाटवे, पत्त्यावरच होऊन जाऊ द्या. दिवेलागणीले ज्याचे चिंचोके जास्त, त्याचं खरं." मी हसलो. मामाजी हसले. आणि बसलो की दोघंही.

शेवटचा डाव. ढीग जवळजवळ सारखे. हातात दोन बादशहा. वाढवलं. वामनने टाकले, मामाजी राहिले. मध्ये पंजी, नव्वी, मग एक्का. आता? बोललो तर ते वाढवणार, गप्प बसलो तर एक्क्याला भ्यालो हे कळणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसलो. मामाजींनी एक चिंचोका पुढे सरकवला आणि पानाला चुना लावत बसले.

टाकले पत्ते. का टाकले, देव जाणे. सासऱ्याला "दाखवा" म्हणायला जीभ रेटेना, हे एक. दुसरं कारण सापडत नाही. मामाजींनी आपले पत्ते न दाखवता गड्डीत मिसळले. ढीग त्यांचाच मोठा ठरला.

सु. दिवा घेऊन त्यांच्या मागेच उभी होती. तिने पाहिलं असणार. अंगणात गाठून विचारलं, "मामाजींजवळ एक्का होता का?"
"तुमाले एक्क्याचं पडलं काय? तुमी दोघायनं मले पत्त्यावर लावलं. मले विचारलं कोनं?"
गंमत होती म्हटलं.
"बरं."
पाडव्याचं ओवाळलं. नजर ताटावर.

भाऊबीज
वामनला ओवाळून झालं. मी पिशवी उचलली. माझ्याशी एवढंच बोलली, "लाडू डब्यात हायेत. झाकन लावजा, मुंग्या लागतीन." फाटकापर्यंत आली मात्र. मामाजी म्हणाले, "येत जा जवाईबुवा." गाडीत फार वाईट वाटलं. कोणावर रागवावं ते ठरेना.

बाभुळगाव. तुळशीच्या लग्नानंतरचा शुक्रवार
पत्ते डोक्यातून जात नाहीत. बादशहा टाकायला नको होते. की सुरुवातीलाच वाढवायला नको होतं, की मुळात
संक्रांतीपर्यंत राहते, हे ती म्हणाली की मामाजी? तेवढं विचारायचं सोडून मी एक्क्याचं विचारलं. कमाल आहे माझी.
उद्या शाळा सकाळची. घाटंजीची गाडी मिळेल. मामाजींना मध्ये न घेता सरळ तिलाच विचारायचं, येतेस का.
नाही म्हणाली तर? आणि मामाजींसाठी नव्हे, स्वतःच्या मनाने नाही म्हणाली तर